पाळी आणि लोणच्याची बरणी

पाळी आलेल्या मुलीचा हात लागला की लोणचं नासतं, असं कित्येक घरांत अजूनही बजावलं जातं. लोणच्याला बुरशी येते ती ओलाव्यामुळे: ओला चमचा, नीट न पुसलेल्या कैऱ्या, कमी पडलेलं मीठ, फोडींच्या वर न आलेलं तेल. हात कोणाचा, याच्याशी बुरशीला देणंघेणं नाही. पाळीचं रक्त ‘घाण’ही नसतं. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि गर्भ राहिला नाही की रक्तासोबत गळून पडतं. सगळं मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त.

खरी काळजी वाटते ती लपवालपवीची. कापड कोणाला दिसू नये म्हणून मुली ते दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालतात. ते दमट राहतं, जंतू वाढतात, मग खाज आणि पुरळ. साबणाने धुऊन उघड्या उन्हातच वाळवा. कापड असो वा पॅड, चार ते सहा तासांनी बदला. अंघोळ रोज करा, अगदी डोक्यावरूनही. योनीच्या आत मात्र साबण नको. तिथले उपयुक्त जिवाणू आम्ल तयार करून रोगजंतूंना रोखतात. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.