हात दिल्यानंतरचं काम

डिसेंबरात माहीमला मखदूमबाबांचा मेळा भरतो. नेरळहून निघालं की दादरला गाडी बदलायची आणि माहीमला उतरायचं, इतकं ते जवळ. पहिल्या संदलचा, म्हणजे चंदनाच्या मिरवणुकीचा, मान मुंबई पोलिसांचा. मग दहा दिवस चादरी, पाळणे, मिठाईची दुकानं आणि दर्ग्यासमोरची लांबलचक रांग. ज्यांच्या नावानं हे सगळं होतं ते फकीह अली माहिमी (१३७२–१४३१) मात्र मुख्यतः शिकवणारे गृहस्थ होते. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे, शाफई फिकहचे, म्हणजे धर्मकायद्याचे, जाणकार आणि सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबीच्या विचारांचे अभ्यासक. आपल्याकडे दर्गा म्हटलं की नवस, ताईत आणि कव्वाली एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण जिवंत पीर आणि त्याचा मुरीद, म्हणजे शिष्य, यांच्यात वर्षानुवर्षं जे चालतं, ते बाहेरच्याला दिसत नाही. त्या कामाला मुसलमान घरांत ‘इस्लाह’ म्हणतात, म्हणजे स्वतःची दुरुस्ती. ती चालते कशी, ते इथे पाहू.

आधी एक वाटणी लक्षात घ्यावी लागते. नेरळसारख्या गावातलं मूल मकतबमध्ये जातं. तिथे मौलवीसाहेब त्याला अरबी अक्षरं, कुराणाचं वाचन, वुजू आणि नमाजाच्या रीती शिकवतात. कोकणी मुसलमान शाफई पद्धतीनं नमाज पढतात, तर उत्तरेकडून आलेली घरं बहुधा हनफी. हे सगळं उस्तादांचं खातं. मुर्शिदाचं, म्हणजे पीराचं, खातं वेगळं. एका प्रसिद्ध हदीसमध्ये जिब्रील फरिश्ता माणसाच्या रूपात येऊन पैगंबरांना विचारतो : इस्लाम काय, ईमान काय, एहसान काय? पहिल्याच्या उत्तरात आचार येतो, दुसऱ्याच्या उत्तरात श्रद्धा. तिसऱ्याचं उत्तर असं, की आपण अल्लाहला पाहतोय अशी इबादत करावी, आणि तेवढं साधत नसेल तर तो आपल्याला पाहतोय हे ध्यानात ठेवून करावी. पीराचं सगळं काम या तिसऱ्या उत्तरात बसतं.

दुरुस्त करायचा तो नफ्स, म्हणजे माणसाच्या आतला ‘मी’. कुराणात त्याच्या तीन अवस्था येतात : वाईटाकडे ओढणारा, चुकल्यावर स्वतःलाच बोल लावणारा आणि निवांत झालेला. आपल्यातले बहुतेक जण पहिल्या दोघांच्या मध्येच कुठेतरी फिरत असतात. या शास्त्रातले रोग ठरलेले आहेत : दिखावा, मत्सर, गर्व, राग, पैशाचा लोभ, नावाची हाव. त्यांत दिखावा सर्वांत अवघड मानतात, कारण तो चांगल्या कामाच्या आत लपतो. दान करताना शेजाऱ्याकडे डोळा गेला की दान बिघडलं. पण दिखावा होईल म्हणून दानच थांबवणं, हीही नफ्सचीच एक चाल समजतात.

हे सगळं पुस्तकात वाचता येतंच. मग माणूस कशाला हवा? परंपरेचं उत्तर असं, की दोष ज्याच्यात असतो त्यालाच तो गुण वाटतो. रागीट माणूस स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवतो, चिकट माणूस काटकसरी. म्हणून बाहेरची नजर लागते.

ती नजर कोणाची हे ठरवताना घाई करू नये, असं जुने लोक बजावून सांगतात. पीराला शरीअतचं पुरेसं ज्ञान असावं, तो स्वतः नमाज-रोजा पाळणारा असावा, त्याला त्याच्या पीराकडून मुरीद करण्याची इजाजत मिळालेली असावी, आणि त्याच्याजवळ बसणाऱ्यांच्या वागण्यात काही फरक पडलेला दिसावा. चमत्कार या यादीत नाही. आपल्याकडचं चांगलं उदाहरण खुलताबादचं. चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादला आलेले पीर बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) समा ऐकत, म्हणजे संगीताच्या मैफलीत बसत. झैनुद्दीन शिराझी हे धर्मशास्त्राचे विद्वान. त्यांना हे पटत नसे. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या शंका विचारल्या, त्यांची उत्तरं मिळवली आणि मगच ते मुरीद झाले. पुढे तेच बुऱ्हानुद्दीनांचे वारस ठरले. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, म्हणून आज लोकांना हे नाव ऐकून माहीत असतं. शंका घेणारा विद्यार्थी म्हणून ते फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

पीर ठरला की बैअत, म्हणजे शिष्यत्वाची शपथ. मुरीद पीराच्या हातात हात देतो, मागच्या चुकांची तौबा करतो आणि पुढे गुनाह टाळण्याचा, फर्ज पाळण्याचा शब्द देतो. स्त्रियांच्या बैअतीत हातात हात नसतो. ती नुसत्या शब्दांनी होते, किंवा कापडाचं टोक धरून. चिश्ती, कादरी, नक्शबंदी, सुहरावर्दी यांपैकी ज्या सिलसिल्यात, म्हणजे सूफी परंपरेत, बैअत झाली, त्याचा शजरा, म्हणजे गुरुपरंपरेची यादी, मुरीदाला मिळते. ती पीरापासून मागे मागे जात पैगंबरांपर्यंत पोचते. विधी एवढाच, काही मिनिटांत उरकतो. पुष्कळांचा प्रवास इथेच संपतो हेही खरं. शजरा फ्रेम करून भिंतीवर लागतो आणि राग होता तिथेच राहतो.

ज्यांना पुढे जायचं असतं त्यांना रोजचं काम दिलं जातं. साधारणपणे सकाळ-संध्याकाळ इस्तिगफार (क्षमायाचना), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आणि कलम्याचा जिक्र (जप), तसबीहच्या मण्यांवर मोजून. चिश्तींमध्ये जिक्र आवाजात करण्याची रीत आहे, नक्शबंदी मनातल्या मनात करतात. किती वेळा करायचा हे पीर माणूस पाहून ठरवतो. घरी म्हातारी आई आणि दोन लहान मुलं असलेल्या बाईला आणि निवृत्त शिक्षकाला एकच वजीफा, म्हणजे रोजचा पाठ, दिला, तर तो पीर नवशिका म्हणायचा.

त्याच्या जोडीला मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब. इस्लामी विचारवंत इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूम अद्दीन’ या ग्रंथात याची सविस्तर रीत दिली आहे आणि उपमा थेट बाजारातली घेतली आहे. नफ्स हा धंद्यातला भागीदार समजावा. सकाळी त्याच्याशी करार करावा, की आज डोळा, जीभ, हात यांचा वापर असा असा होईल. दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवावं. रात्री वही उघडून नफा-तोटा पाहावा. खोट निघाली तर दंड ठोठावावा, पुढच्या दिवशी जास्त मेहनत घ्यावी, आणि वर त्याला चार शब्द सुनवावेत. भागीदारावर आंधळा विश्वास ठेवणारा व्यापारी बुडतो, हे गझालींना नेरळच्या पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराइतकंच पक्कं ठाऊक होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग : मुरीदानं आपली हालत पीराला कळवायची. जवळ असेल तर सोहबतीत, म्हणजे त्याच्या सहवासात, बसून, लांब असेल तर पत्रानं. या पत्रव्यवहाराची शिस्त गेल्या शतकात थाना भवनच्या मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी घालून दिली. त्यांची स्वतःची बैअतही पत्रानंच झाली होती, कारण त्यांचे पीर हाजी इम्दादुल्लाह मक्केत राहत. थानवींना लिहिताना परतीचं पाकीट तिकिटासह आत घालावं लागे. उत्तर ते त्याच कागदाच्या मोकळ्या जागेत लिहीत, म्हणजे मुरीदाला आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर एकत्र परत मिळे. सल्ला हवा असेल तर पोस्टाचा खर्च तुमचा, ही अट मला फार आवडते. ‘तर्बियत-उस-सालिक’ या नावानं त्यांतली बरीच पत्रं छापलेली आहेत आणि ती वाचताना वैद्याच्या रोजनिशीची आठवण येते.

त्यांचं मुख्य सूत्र साधं आहे : जे तुमच्या हातात आहे तेवढंच तुमच्याकडून मागितलं जातं. समजा, नेरळच्या एका किराणा दुकानदारानं लिहिलं की नमाजात उभा राहिलो की उधारीचे आकडे डोळ्यांपुढे येतात, रडू येत नाही, गोडी वाटत नाही. या रीतीनं उत्तर असं येईल : आकडे येणं तुमच्या हातात नाही, त्याचा गुनाहही नाही. मुद्दाम बेरीज करत बसणं हातात आहे, ते थांबवा. लक्ष पुन्हा शब्दांवर आणा. गोडी आली नाही तर न येवो म्हणायचं, नमाज सोडायची नाही. त्यानंच पुढे विचारलं की नोकरावर ओरडतो, काय करू? तर उपाय कडू असेल : ज्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलात त्यांच्याच समोर त्या पोराची माफी मागा. दोन-चार वेळा असं झालं की जीभ उचलण्याआधी माफीची आठवण येते. औषध रोगाच्या उलट दिशेचं, ही गझालींपासूनची रीत.

थानवींबद्दल रेल्वेची एक गोष्ट सांगतात. जास्तीच्या सामानाचं भाडं भरायला ते गेले, तेव्हा गार्ड म्हणाला, राहू द्या, पुढच्या गार्डालाही मी सांगून ठेवतो. मौलानांनी विचारलं, की मला त्याच्याही पुढे, कयामतपर्यंत जायचंय, तिथे कोण सांगणार? नंतर त्यांनी भाडं भरलं. कर्जत लोकलच्या प्रवाशांनी ही गोष्ट आपापल्या पासाच्या तारखेकडे पाहून ऐकावी.

पीराचं किती ऐकायचं? सुन्नी सूफी परंपरेचं उत्तर ठाम आहे : शरीअतच्या आत. पीर गुनाह करायला सांगत असेल तर तिथे आज्ञापालन संपतं. व्यवहारात ही रेघ पुष्कळदा पुसट होते, आणि या प्रश्नाचा एक धागा चक्क नेरळच्या रुळांना जाऊन मिळतो. नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी उभी केली आणि पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा होता. हे दाऊदी बोहरा घराणं. बोहऱ्यांत मार्गदर्शनाची व्यवस्था निराळी आहे. प्रत्येकानं आपला पीर शोधायचा नसतो; सगळ्या जमातीचा एकच दाई म्हणजे धर्मप्रमुख, गावोगावी त्याचे आमिल म्हणजे प्रतिनिधी, वयात येताना घ्यायचा मीसाक म्हणजे निष्ठेची शपथ, आणि महत्त्वाच्या कामाला दाईंची रझा म्हणजे परवानगी. सर आदमजींच्या मुलांनी पुढे हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. मुंबईतल्या शेठ चांदाभाई यांच्या कबरीजवळच्या गल्ल्यात भाविक जे पैसे टाकतात, त्यांचा हिशेब दाईंना विचारता येतो का? १९२१ मध्ये न्यायमूर्ती मार्टन यांनी निकाल दिला, की हा सार्वजनिक विश्वस्त निधी आहे आणि दाई त्याचे विश्वस्त म्हणून उत्तरदायी आहेत. दाईंचं धार्मिक स्थान वेगळं, पैशांचा हिशेब वेगळा, असा तो भेद. माझ्या मते कोणत्याही धर्मातल्या गुरूला हा निकाल वाचायला द्यावा.

पीर-मुरीदी मान्यच नसलेले मुसलमानही पुष्कळ आहेत. अहल-ए-हदीस मंडळी म्हणतात, कुराण आणि हदीस पुरे, मधला माणूस नको. तब्लीगी जमात स्वतःची सुधारणा प्रवासात शोधते : तीन दिवस, चाळीस दिवसांचा चिल्ला किंवा चार महिने, स्वतःच्या खर्चानं, मशिदीत मुक्काम करून, साथीदारांची सेवा करत. घरी कधी चहाचा कप न उचललेला माणूस तिथे दहा जणांची भांडी घासतो. पीराच्या औषधापेक्षा हे फार वेगळं नाही.

मराठीत या विषयावरचा मोठा ग्रंथ एका मुसलमानानंच लिहिला आहे, तो म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ (१६४५). त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतले. आत चाललेली लढाई हाच ग्रंथाचा विषय, भाषा ओवीची, आणि ढोंगी गुरूंवर, मग ते गोसावी असोत की फकीर, शेखांनी हातचं न राखता कोरडे ओढले आहेत.

आणि पीर मिळालाच नाही तर? माहीमच्या मखदूमांची पहिली गुरू त्यांची आईच होती असं सांगतात. पाणी आणेपर्यंत आई झोपली, म्हणून रात्रभर पेला हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलाची आख्यायिका त्यांच्याच नावावर आहे. गझाली मात्र आख्यायिकेवर थांबत नाहीत. स्वतःचे दोष कळण्याच्या चार वाटा ते देतात. पहिली पीराची. दुसरी खऱ्या मित्राची, जो तोंडावर सांगेल. तिसरी वैऱ्याची, कारण खुशामत करणाऱ्या दोस्तापेक्षा दुष्मनाची जीभ जास्त उपयोगी. चौथी लोकांत मिसळण्याची : दुसऱ्यात जे खटकलं ते आधी आपल्यात शोधायचं. या चौथ्या वाटेला ना बैअत लागते ना शजरा. सकाळची भरलेली लोकल पुरते. पहिल्या वाटेबद्दल गझालींनी तिथेच नोंदवून ठेवलंय, की असा गुरू आमच्या काळात दुर्मीळ झाला आहे. ते वारले सन ११११ मध्ये.