सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर अडकला तर रिस्टार्टच्या आधी काय बघाल?

मे महिन्यातली दुपार. नंदनवनातली भाड्याची खोली, कूलर सुरू असूनही घाम, आणि तिकडे लॅबच्या सर्व्हरवर माझ्या पीएचडीचा डेटा गोळा होतोय. सहा जण घरून वऱ्हाडी वाक्यांना लेबल लावत होते. अचानक मेसेज आला, "ताई, पान उघडूनच नाही राहिलं." मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा.

सिनियर दादांना फोन केला. ते म्हणाले, "काहून एवढं डोकं लावते? रिस्टार्ट मार ना!" मारला. दहा मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तेच. वर दोघांची सेव्ह न झालेली वाक्यं गेली ती गेलीच.

तुमच्यापैकी अनेकांना उद्या असाच एखादा छोटा सर्व्हर सांभाळावा लागेल, म्हणून सांगते. रिस्टार्टने आजार जात नाही, पुरावा मात्र जातो. वापर किती आहे हे तर दिसतंच. प्रश्न हा की सीपीयू त्या क्षणी नेमकं करतोय काय?

आधी 'टॉप' ही कमांड चालवा. त्यात प्रोसेससमोर 100 टक्के दिसले तर घाबरू नका, त्याचा अर्थ एक कोअर पूर्ण व्यस्त आहे. चार कोअरच्या मशीनवर हा आकडा 400 पर्यंत जाऊ शकतो. वरच्या ओळीत 'युजर' आणि 'वेट' वेगळे वाचा. युजर जास्त म्हणजे तुमचा प्रोग्रामच गणित करत बसलाय. वेट जास्त म्हणजे डिस्कची वाट बघणं चाललंय. लिनक्सवर लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, त्यामुळे नुसता लोड बघून सीपीयूला दोष देऊ नका. (मी पहिल्या वर्षी नेमका तोच देत होते.)

माझ्याकडे युजर जवळपास पूर्ण, वेट शून्य. सहा माणसांत एवढं? कुणी हल्ला केला असेल म्हणून ॲक्सेस लॉग उघडला, तर तो शांत. इथे एक गोम आहे: एनजिनएक्स रिक्वेस्ट संपल्यावर लॉगमध्ये ओळ लिहितो. जी रिक्वेस्ट अडकून बसलीय ती तिथे दिसणारच नाही! आणि वेळमर्यादा मीच वाढवून ठेवली होती, त्यामुळे ती तुटतही नव्हती.

मग 'पाय-स्पाय' वापरलं. चालू पायथन प्रोसेस या क्षणी कोणत्या ओळीवर आहे हे ते सांगतं, प्रोसेस बंद करावी लागत नाही. काही सेकंदांच्या अंतराने तीनदा बघितलं. तिन्ही वेळा एकच ओळ: वाक्याच्या शेवटची रिकामी जागा काढणारं माझं रेग्युलर एक्स्प्रेशन.

एकाने एक्सेलमधून मजकूर पेस्ट केला होता, मध्ये लाखाहून जास्त टॅब आणि शेवटी एक शब्द. पान हलेना म्हणून तो पुन्हा पुन्हा सबमिट दाबत होता, आणि दर वेळी आणखी एक वर्कर अडकत होता. रिस्टार्टनंतर त्याने पुन्हा दाबलं, इतकंच.

टॅब नुसते वाचायला एवढा वेळ का लागावा? एक्स्प्रेशन पहिल्या टॅबपासून रांगेच्या टोकापर्यंत जातं, पुढे शब्द दिसतो, म्हणजे हा शेवट नव्हे. मग दुसऱ्या टॅबपासून तेच, मग तिसऱ्यापासून. रांग दुप्पट झाली की काम चौपट.

ही चूक माझ्यासारख्या नवख्यांचीच असं नाही. 20 जुलै 2016 रोजी स्टॅक ओव्हरफ्लो 34 मिनिटं बंद पडलं होतं ते याच कारणाने. एका पोस्टमध्ये सलग सुमारे 20,000 रिकाम्या जागा होत्या. 20,000 अधिक 19,999 अधिक 19,998 असं करत गेलात तर जवळपास 20 कोटी तुलना होतात. 2 जुलै 2019 ला क्लाउडफ्लेअरचे सीपीयू जगभर शंभर टक्क्यांवर गेले, तेही एका रेग्युलर एक्स्प्रेशनमुळेच. तिथला नमुना वेगळा होता, पण मागे जाऊन पुन्हा तपासण्याचा घोळ त्याच जातीचा.

माझी दुरुस्ती दोन ओळींची निघाली. एक्स्प्रेशनऐवजी पायथनचं साधं 'आरस्ट्रिप', जे शेवटाकडून मोजतं आणि पहिल्या अक्षरावर थांबतं. आणि मजकुराच्या लांबीला मर्यादा. वेळमर्यादाही परत 30 सेकंदांवर आणली.

ज्या दोघांची वाक्यं गेली त्यांना फोन करून माफी मागितली. एकाने सगळी पुन्हा केली. दुसऱ्याची परीक्षा आली होती. त्याची 40 वाक्यं प्रबंधात 'गहाळ' म्हणून नोंदवली आहेत, कारणासकट.