मदर तेरेसांना जवळपास 50 वर्षं देव जाणवला नाही. त्यांची पत्रं नेमकं काय सांगतात?

डिसेंबर 1979. ऑस्लोमध्ये नोबेल शांतता पुरस्काराच्या भाषणात मदर तेरेसा येशूबद्दल इतक्या सहज बोलत होत्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं त्याच्याशी रोजचं बोलणं असणार.

त्याच्या जेमतेम तीन महिने आधी त्यांनी फादर मायकल व्हॅन डर पीट यांना एक पत्र लिहिलं होतं. आपल्या वाट्याला फक्त शांतता आणि पोकळी आली आहे, प्रार्थना करतानाही पलीकडे कुणी असल्याचं जाणवत नाही, असा त्याचा मजकूर होता.

हे जगाला कळलं 2007 मध्ये, त्यांच्या निधनानंतर 10 वर्षांनी. 'कम बी माय लाइट' या पुस्तकात त्यांची खासगी पत्रं छापली गेली आणि एकच गदारोळ उडाला. 'टाइम' मासिकानं त्यावर कव्हर स्टोरी केली. मदरवर आधीपासून कडाडून टीका करणारे लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांना तर आयता पुरावाच मिळाला.

मग मदर नास्तिक होत्या का? की आयुष्यभर नाटक करत होत्या? पत्रं नीट पाहिली तर गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

आधी आवाज, मग शांतता

10 सप्टेंबर 1946. कोलकात्याहून दार्जिलिंगला जाणाऱ्या रेल्वेत त्यांना वाटलं, की येशू आपल्याला गरिबांमध्ये जाऊन राहायला सांगतोय. पुढचे काही महिने हा अनुभव येत राहिला. त्यांनी आर्चबिशप पेरिए यांच्याकडे पाठपुरावा केला. 1948 मध्ये त्या लोरेटोचं कॉन्व्हेंट सोडून बाहेर पडल्या आणि 1950 मध्ये 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'ला मान्यता मिळाली.

आणि काम सुरू झालं त्याच सुमाराला आवाज बंद झाला.

म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून घर सोडलं, तोच गप्प. 1958 मध्ये साधारण पाच आठवडे ती जवळीक परत आली आणि पुन्हा गेली. त्यानंतर 1997 मध्ये निधन होईपर्यंत पत्रांमधला काळोख काही हटला नाही. या काळात त्या पहाटे उठून प्रार्थना करत होत्या, संस्था वाढवत होत्या, आणि देव आपल्याला नकोसा झालेला नाही, आपणच त्याला नकोशा झालोय की काय, असं मोजक्या धर्मगुरूंना लिहीत होत्या.

हा प्रश्न बायबललाही पडलाय

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, देव लपलेला का, हा प्रश्न नास्तिकांचा. पण तो बायबलमध्येच आहे. यशयाच्या 45 व्या अध्यायात देवाला थेट 'लपणारा' म्हटलंय. ईयोब देवाला सगळीकडे शोधतो आणि तो सापडत नाही म्हणून तक्रार करतो. स्तोत्रसंहितेतलं 22 वं स्तोत्र तर देवानं मला का टाकलं, या आक्रोशानंच सुरू होतं. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांनुसार वधस्तंभावर येशूच्या तोंडी हाच आक्रोश आहे.

(देवाशी असं भांडणं आपल्यालाही नवीन नाही. देव आपल्यापुरता मेलाच, असं म्हणण्यापर्यंत तुकोबांची मजल गेली होती आणि वारकऱ्यांनी तो अभंग गाथेतून काढून टाकलेला नाही.)

कॅथलिक परंपरेत या अवस्थेला नावही आहे, 'आत्म्याची काळोखी रात्र'. 16 व्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या लिखाणातून ते रूढ झालं. त्यांच्या मांडणीत मात्र रात्र संपते आणि देवाशी एकरूपता येते. मदरची रात्र जवळपास आयुष्यभर चालली. म्हणूनच हे आध्यात्मिक होतं की नैराश्य, असा प्रश्न काहींनी विचारला. पत्रांवरून निदान करणं धोक्याचं आहे, पण प्रश्न गैर नाही.

पुण्याच्या फादरनी काय सांगितलं?

1961 मध्ये मदरनी आपली अवस्था फादर जोसेफ न्यूनर यांच्यापुढे मांडली. न्यूनर मूळचे ऑस्ट्रियाचे जेझुइट, पुण्यात धर्मशास्त्र शिकवायचे. हे तुमच्या पापामुळे झालेलं नाही, यावर माणसाकडे उपाय नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि मग मुख्य मुद्दा: देव जाणवणं हा तो असल्याचा एकमेव पुरावा नाही. त्याची जी तहान तुम्हाला लागली आहे, तीच तो कुठेतरी असल्याची खूण आहे. ज्या टाकलेल्या माणसांसाठी तुम्ही काम करता, त्यांचं एकटेपणच तुमच्या वाट्याला आलंय.

काळोख गेला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यावर प्रेम करता येऊ लागलं, असं मदरनी न्यूनर यांना लिहिलं.

पण ज्याला तहानच लागत नाही, त्याचं काय?

माझ्या मते न्यूनर यांचं उत्तर इथे अडतं. कॅनडाचे तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी 1993 च्या पुस्तकात मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा: देव परिपूर्ण प्रेमळ असेल, तर नातं जोडायला तयार असलेल्या प्रत्येकाला तो निदान आहे एवढं तरी कळू देईल. मूल अंधारात आईला हाका मारतंय आणि आई शेजारच्या खोलीत असूनही गप्प, असं होईल का? पण जगात प्रामाणिकपणे शोधूनही विश्वास न बसलेली माणसं आहेत. म्हणजे तसा देव नाही.

यावर ख्रिस्ती विचारवंतांची उत्तरंही आहेत. जॉन हिक म्हणायचे, देव सतत डोळ्यांसमोर असता तर माणसाला मोकळेपणानं त्याच्याकडे वळता आलं नसतं. साहेब मागे उभे असताना सगळेच काम करतात, तसं झालं असतं. 17 व्या शतकातल्या पास्कालचं म्हणणं होतं, की ज्याला पाहायचंय त्याच्यापुरता उजेड आहे आणि ज्याला नाही त्याच्यापुरता अंधार.

पास्कालचं उत्तर मला ऐकायला भारी वाटतं, पण ते प्रामाणिक शोधणाऱ्यावरच ठपका ठेवतं. हिकचं उत्तर जास्त पटतं. तरी 'ओळख न देणं' आणि 'दबाव न टाकणं' यात फरक उरतोच. आणि मदरना तर ओळख पटलेली होती, 1946 मध्येच. त्यांचा प्रश्न देव आहे का, हा नव्हताच. मला बोलावून तू गेलास कुठे, हा होता.

आपली पत्रं नष्ट करावीत, अशी विनंती मदरनी केली होती. ती मानली गेली नाही. पुस्तक संपादित केलं फादर ब्रायन कोलोडिएचुक यांनी, म्हणजे मदरना संत घोषित करावं यासाठी चर्चपुढे बाजू मांडणाऱ्या धर्मगुरूंनीच. टीकाकारांनी ज्या पत्रांवर बोट ठेवलं, ती त्या प्रक्रियेच्या कागदपत्रांत आधीपासून होती. 4 सप्टेंबर 2016 रोजी पोप फ्रान्सिस यांनी मदर तेरेसांना संत घोषित केलं.