रात्रपाळीचे बाबा आणि दुपारची झोप

“सर, माझे बाबा रात्रपाळी करून सकाळी घरी येतात. इतके दमलेले असतात, की जेवतानाच डोळे मिटतात. पण अंथरुणावर पडले की झोप येत नाही. आलीच, तर दोन-अडीच तासांत मोडते. असे का होते?”

अकरावीतल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न. तो महापे येथे राहतो. तेथील औद्योगिक वसाहतीत कित्येक यंत्रे चोवीस तास चालू असतात, तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या घरचा नाही. शेजाऱ्यांच्या मते बाबांना उगाच काळजी करण्याची सवय आहे. मला मात्र उत्तराचा बराच भाग उष्णतेच्या धड्यात सापडतो.

शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, असे आपण पाठ केलेले असते. वास्तविक ते दिवसभर थोडे वरखाली होत असते. सायंकाळी ते सर्वांत जास्त आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते. फरक जेमतेम एका अंशाचा. पण चांगली, सलग झोप लागते ती तापमान उतरत असताना. सकाळी ते चढू लागले, की शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते.

हा चढउतार केवळ आपल्या हालचालीमुळे होतो का? १९३८ साली शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिअल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे दोघे अमेरिकेतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ना ऊन, ना दिवसरात्र. त्यांनी २४ ऐवजी २८ तासांचा ‘दिवस’ पाळला आणि आपापले तापमान नोंदवले. रिचर्डसन यांचे शरीर नव्या दिवसाला सरावले. क्लाइटमन यांचे तापमान मात्र हट्टाने २४ तासांच्या तालावरच चालत राहिले. ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. (माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे, हे सांगायला नकोच!) आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते पाळीच्या वेळापत्रकाप्रमाणे लगेच फिरत नाही. त्यात सकाळी घरी येताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्या घड्याळाला “दिवस उजाडला” असेच सांगत असते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. तापमान उतरायचे, तर उष्णता बाहेर टाकली पाहिजे. झोपेची वेळ झाली, की हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तेथे जास्त रक्त येते आणि तळहात-तळपाय गरम होतात. तेथून उष्णता हवेत जाते. तान्हे मूल पेंगू लागले, की त्याचे तळवे हाताला ऊन लागतात, ते याचमुळे. थंडीत पाय गार पडले की झोप येत नाही, तेही याचमुळे.

झोपलेला मोठा माणूस साधारण ७५ वॅट इतकी उष्णता निर्माण करतो, जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. आता मे महिन्यातली महाप्याची दुपार घ्या. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडे ठाण्याची खाडी, हवा दमट. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर सिमेंटचा तापलेला स्लॅब. त्वचेचे तापमान सुमारे ३४ ते ३५ अंश असते. खोलीही समजा ३५ अंशांवर आहे. मग वहन आणि अभिसरण या दोन्ही वाटा बंद झाल्या. प्रारणाची वाट तर उलटीच झाली, कारण स्लॅबच आपल्याकडे उष्णता पाठवू लागतो. उरला एकच मार्ग, घामाचे बाष्पीभवन.

एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. ७५ वॅट म्हणजे तासाला २,७०,००० ज्यूल. भागाकार करा: ताशी सुमारे ११२ ग्रॅम घाम सुकायला हवा. सहा तासांत जवळजवळ पाऊण किलो! दमट हवेत तो सुकत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळून गेलेला घाम शरीराला थंड करत नाही. पंखा हवेचे तापमान कमी करत नाही. तो अंगालगतची बाष्पाने भरलेली हवा हलवतो, म्हणून बरे वाटते. स्लॅबच्या प्रारणापुढे त्याचा इलाज नाही.

आणखी एक अडचण आहे. झोपेच्या ज्या टप्प्यात पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात, त्या टप्प्यात शरीराचे तापमान-नियंत्रण जवळजवळ थांबते. घामही नीट येत नाही. म्हणून उकाड्यात हा टप्पा आणि गाढ झोप दोन्ही तुटतात.

मी त्याला सांगितले, की बाबांना झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ करू दे. बर्फासारखे गार पाणी घेतले तर त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडते. खोलीत जाड पडदे लावा. घरमालक तयार असेल तर गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या, म्हणजे बरेचसे ऊन परावर्तित होईल. घड्याळाची अडचण मात्र चुन्याने सुटत नाही, हेही सांगितले.

शिवाय त्याला एक प्रयोग दिला. तुम्हीही करून पाहा. साध्या डिजिटल तापमापीने दर तीन तासांनी काखेतील तापमान घ्या आणि आलेख काढा. त्याच्या बाबांनी तापमापी डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेली. सर्वांत कमी नोंद आली पहाटे चारची, ३६.१ अंश. तीच वेळ, ते म्हणाले, यंत्रासमोर उभ्याउभ्या डुलकी लागण्याची.