पावसात होडी काढायची की नाही? एका साध्या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

किनारपट्टीवर संशोधन करायचं ठरवलं की एक विषय बहुतेकांना सुचतो: 'मच्छीमार हवामानाचा इशारा का पाळत नाहीत?' विषय ऐकायला चांगला वाटतो, समाजाच्या उपयोगाचाही वाटतो. पण हे वाक्य परत एकदा वाचा. त्यात उत्तर आधीच भरून ठेवलेलं आहे. इशारा बरोबर, मच्छीमार चूक, आणि आता फक्त कारण शोधायचं. अशा प्रश्नावर प्रश्नावली तयार केली तर 'अज्ञान', 'निष्काळजीपणा', 'गरिबी' असे तीन रकाने भरतील आणि तुम्हाला नवीन काहीच कळणार नाही.

म्हणून या लेखात आपण मच्छीमाराच्या बाजूचा प्रश्न घेऊ: आज होडी काढायची की थांबायचं? हा प्रश्न सुटा केला की त्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न सापडतात. संशोधनाची तयारी करताना हे सुटं करणं जमलं पाहिजे.

आधी प्रसंग नक्की करा

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंदी असते. त्या काळात निर्णय सरकारने घेतलेला असतो. खरी ओढाताण सुरू होते ती 1 ऑगस्टला. बंदी उठलेली, दोन महिने कमाई नाही, जाळी शिवून तयार, हंगामाच्या सुरुवातीची कोळंबी खुणावते आहे, आणि पावसाळा मात्र संपलेला नाही. कॅलेंडर 'जा' म्हणतं आणि समुद्र 'थांब' म्हणतो. तुम्हाला निर्णयाचा अभ्यास करायचा असेल तर ऑगस्टचे हे दिवस सोन्यासारखे आहेत, कारण दोन्ही बाजूंना खरं वजन आहे.

बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसते. त्यामुळे जून-जुलैतही काही जणांपुढे हा प्रश्न रोज असतोच. तुमच्या प्रस्तावात 'मच्छीमार' एवढाच शब्द असेल तर परीक्षक विचारणारच: कोणता मच्छीमार, कोणती होडी, कोणता महिना?

पाऊस आणि धोका एक नव्हे

जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे म्हणून समुद्र खवळलेला असेलच असं नाही. जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल हे रंग पावसाळ्यात मुख्यतः जमिनीवरच्या पावसासाठी दिले जातात. हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, 115.6 ते 204.4 म्हणजे अति जोरदार. हे आकडे दरड, पूर, रस्ते यांच्यासाठी महत्त्वाचे. होडी मात्र पावसाने क्वचितच उलटते. ती वाऱ्याने, लाटेने आणि न दिसण्याने अडचणीत येते.

मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो. त्यात वाऱ्याचा वेग आणि झोत सांगितलेले असतात, उदाहरणार्थ 'ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत'. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तोही वादळी वाऱ्यासाठी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वारा ताशी 30 वरून 45 किलोमीटर झाला तर वेग दीडपट होतो, पण होडीवरचा रेटा सव्वादोनपट.

आता बघा, तुमच्या प्रश्नावलीत 'तुम्ही हवामानाचा इशारा पाहता का?' एवढंच विचारलं असेल तर कोणता इशारा? टीव्हीवरचा लाल रंग पाहून थांबणारा आणि वाऱ्याचा आकडा पाहून थांबणारा, दोघंही 'हो' म्हणतील. तुमच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात बसतील. प्रत्यक्षात एक जण पावसाला घाबरतोय आणि दुसरा वाऱ्याचा अंदाज घेतोय.

लाटेचा आकडा काय सांगतो

हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्रस्थितीचा अंदाज देते. त्यात 'लाटांची उंची 2 मीटर' असं असतं तेव्हा सगळ्या लाटा 2 मीटरच्या असतात असं नाही, आणि 2 मीटर ही कमाल उंचीही नाही. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. याला 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट' म्हणतात.

मग मोठी लाट किती वेळा येईल? खोल समुद्रातल्या लाटांच्या उंचीला सहसा 'रेली वितरण' बऱ्यापैकी लागू पडतं. त्यावरून हिशेब असा निघतो: आकडा 2 मीटर असेल तर साधारण दर सातवी लाट 2 मीटरपेक्षा मोठी, दर नव्वदावी 3 मीटरपेक्षा मोठी, आणि दर तीन हजारांत एक 4 मीटरपेक्षा मोठी. दोन लाटांत सरासरी 7 सेकंदांचं अंतर धरलं तर 3 मीटरची लाट दहा-अकरा मिनिटांनी भेटते, आणि सहा तासांत होडीखालून साधारण 3,000 लाटा जातात. म्हणजे सहा तासांच्या फेरीत 4 मीटरची एक लाट येणं अगदी अपेक्षित आहे. 'अंदाज दोनचा होता, लाट चारची आली' असं कोणी सांगितलं तर अंदाज चुकला असं लगेच लिहू नका. अंदाज बरोबर असतानाही असंच होतं.

उंचीइतकाच लाटेचा चढही महत्त्वाचा. खोल पाण्यात 10 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 156 मीटर असते, 5 सेकंदांच्या लाटेची फक्त 39. दोन्ही 2 मीटर उंच असल्या तरी पहिलीवर होडी सावकाश चढते-उतरते आणि दुसरी तिला आपटते. म्हणूनच इन्कॉइसच्या लहान नौकांसाठीच्या सल्ल्यात फक्त उंची न पाहता लाटेचा चढ, लाटांच्या दिशांचा विस्कळीतपणा आणि वाऱ्याची झपाट्याने होणारी वाढ हेही धरलेलं आहे. अनुभवी तांडेल हेच 'आज पाणी आखूड आहे' किंवा तशाच काही शब्दांत सांगेल. असा शब्द कानावर आला की तो लिहून घ्या. तो तुमचा चल आहे, फक्त तुमच्या तक्त्यात त्याचं नाव अजून आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट अंदाजात सहसा नसते: खाडीचं मुख. कोकणातली बरीच बंदरं खाडीत आहेत आणि मुखाशी गाळ साचून पाणी उथळ होतं. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असताना समोरून लाट आत येत असेल तर ती लाट उभी राहते आणि फुटते. पावसाळ्यात नदीचं पाणी त्यात भर घालतं. बाहेरचा समुद्र बरा असूनही होडी मुखातच अडकू शकते. त्यामुळे 'जायचं का' या प्रश्नाला एक जोडप्रश्न असतो: परतताना मुखाशी भरती असेल की ओहोटी?

किती शक्यता म्हणजे पुरेशी?

इथपर्यंत निसर्ग झाला. आता निर्णय. हवामानशास्त्रात यासाठी एक जुनं, सोपं प्रतिमान आहे, खर्च आणि नुकसान यांची तुलना करणारं. काल्पनिक आकडे घेऊ. समजा चांगल्या दिवशी एका फेरीत सगळा खर्च जाऊन 15,000 रुपये सुटतात. वादळात सापडलं तर जाळी, इंजिन, दुरुस्ती धरून 3 लाखांचं नुकसान. म्हणजे 20 चांगल्या फेऱ्यांची कमाई एका वाईट फेरीत जाते. तेव्हा 21 फेऱ्यांत एकदा, म्हणजे जवळपास 5 टक्के, हा तुमचा उंबरठा झाला. वादळाची शक्यता त्याहून कमी असेल तर जाणं परवडतं, जास्त असेल तर थांबणं.

गंमत अशी की याच होडीसाठी हा उंबरठा एका रात्रीत बदलतो. समजा इशारा येण्याआधीच 5,000 रुपयांचा बर्फ भरून झालाय. डिझेल टाकीत राहील, बर्फ वितळणार. आता थांबण्याचीही किंमत आहे. हिशेब पुन्हा केला तर उंबरठा साधारण 16 फेऱ्यांत एक, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडा वर जातो. माणूस तोच, समुद्र तोच, इशाऱ्यावरचा विश्वासही तोच. फक्त इशारा संध्याकाळी चारऐवजी रात्री नऊला आला, आणि तेवढ्याने तो 'न पाळणारा' ठरला.

इथे तुमचा पहिला खरा संशोधन-प्रश्न मिळतो: इशाऱ्याची वेळ आणि बर्फ भरण्याची वेळ यांचा निर्णयावर काय परिणाम होतो? हे मोजता येतं, आणि उत्तर उपयोगाचं आहे. लोकांची वृत्ती बदलण्यापेक्षा बुलेटिनची वेळ बदलणं सोपं.

हिशेब नेमका कोणाचा?

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली: जीव. तो घातला की तीन लाखांचा आकडा निरर्थक होतो. पण त्याहून अवघड गोष्ट ही की नफा एकाचा, जाळं एकाचं आणि जीव दुसऱ्याचा असू शकतो. लहान होडीत मालकच तांडेल असतो, सोबत भाऊ किंवा मुलगा. तिथे सगळं वजन एकाच तराजूत पडतं. मोठ्या बोटीचा मालक किनाऱ्यावर असतो, बोट तांडेल नेतो, आणि खलाशी कधी पगारावर, कधी वाट्यावर, कधी हंगामाआधी उचल घेऊन आलेले असतात. उचल घेतलेल्या खलाशाला 'आज नको' म्हणता येतं का? आणि तो म्हणाला तर कोणी ऐकतं का?

म्हणून 'मच्छीमाराची जोखीम घेण्याची वृत्ती' असं एकच माप घेऊन बंदरावर उतरू नका. एकाच बोटीवरच्या तिघांना वेगवेगळं विचारा: काल जायचं कोणी ठरवलं, तुम्हाला काय वाटत होतं, आणि तुम्ही ते बोललात का? तीन उत्तरांमधला फरक हाच कदाचित तुमच्या प्रबंधाचा गाभा ठरेल.

मोठ्या बोटींच्या बाबतीत निघताना घेतलेला निर्णय हा एकमेव निर्णयही नसतो. त्या कित्येक दिवस बाहेर असतात. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ झपाट्याने तयार झालं तेव्हा केरळ आणि तामिळनाडूतले शेकडो मच्छीमार आधीच समुद्रात होते. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून साधारण 10-12 किलोमीटरपर्यंतच पुरते. त्यांच्यापुढे 'जायचं का' हा प्रश्न नव्हताच. 'परत फिरायचं का' हा होता, आणि तो विचारायला लागणारी माहितीच पोचली नाही. पुढे तिकडच्या अनेक बोटी सिंधुदुर्गात देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. या घटनेनंतर उपग्रहावरून खोल समुद्रात संदेश पोचवणाऱ्या साधनांवर भर वाढला. इशारा न पाळणं आणि इशारा न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रश्नावलीत त्या वेगळ्याच विचारायला हव्यात.

न गेलेल्या दिवसांची नोंद कुठे आहे?

आता पद्धतीचा प्रश्न. बंदरावर नोंद होते ती गेलेल्या आणि परत आलेल्या बोटींची, उतरवलेल्या माशांची. थांबलेल्या दिवसाची नोंद कुणी ठेवत नाही. तुम्ही फक्त उपलब्ध आकडे घेतलेत तर 'इशारा असूनही गेलेले' दिसतील, 'इशारा पाहून थांबलेले' दिसणार नाहीत. मग मच्छीमार बेफिकीर आहेत हा निष्कर्ष आकड्यांतून आपोआप निघेल, तो खरा असो वा नसो.

अनुभवाचंही तसंच. 'असल्या हवेत तीस वेळा गेलोय, काही झालं नाही' हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. ते खोटं नसतं, पण ते सांगायला परत आलेलाच माणूस असतो. समजा अशा प्रत्येक फेरीत गंभीर अपघाताची शक्यता 200 मध्ये 1 आहे. एका फेरीपुरती ती नगण्य वाटते. तीस फेऱ्यांत निदान एकदा अपघात होण्याची शक्यता मात्र सुमारे 14 टक्के होते. म्हणजे शंभरातले 86 जण प्रामाणिकपणे 'काही झालं नाही' म्हणतील. तुमचा नमुना त्या 86 जणांचा असेल. उरलेल्यांची माहिती घरच्यांकडून घ्यावी लागेल, आणि ती कशी घ्यायची हा नैतिकतेचा प्रश्नही प्रस्तावातच लिहावा लागेल.

प्रस्तावात काय बदलाल?

'इशारे का पाळत नाहीत' हे शीर्षक काढा. त्याऐवजी एक बंदर, एक प्रकारची होडी आणि ऑगस्टचे 31 दिवस घ्या. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा: कोणता इशारा किती वाजता आला, भरती-ओहोटीची वेळ काय होती, बर्फ कधी भरला, आणि किती होड्या गेल्या, किती थांबल्या. थांबलेल्या मोजणं विसरू नका. त्यासाठी बंदरावर स्वतः उभं राहावं लागतं. त्यातल्या काही होड्यांवर मालक, तांडेल आणि खलाशी यांच्याशी वेगवेगळं बोला. एवढी वही महिनाभर नीट ठेवलीत तर ती मोठ्या सर्वेक्षणापेक्षा जास्त बोलेल.

आणि मुलाखतीत कुणी विचारलं, 'मग तुम्ही सांगा, उद्या जाऊ का?', तर उत्तर देऊ नका. तुमच्याकडे अंदाज असतो, आकडे असतात, पण त्या होडीत तुम्ही बसणार नसता. ताजं बुलेटिन दाखवा, त्यातला लाटेचा आकडा म्हणजे काय ते समजावून सांगा, आणि ठरवताना कोण कोण बोलतंय ते ऐका.