क्षयाच्या जंतूत काजवा
क्षयाचा जंतू कमालीचा संथ. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हे जिवाणू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. याला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. म्हणून रुग्णाच्या थुंकीतले जंतू वाढवायचे आणि मग त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासायचं, यात आठवडेच्या आठवडे जात. तोवर रुग्ण कदाचित निरुपयोगी गोळ्या गिळत असे.

१९९३ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले विल्यम जेकब्ज आणि त्यांचे सहकारी यांनी या कामाला चक्क काजवा जुंपला! भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये आपण ज्यांना पाहायला गर्दी करतो, त्यांच्याच कुळातला. काजव्याचा उजेड ल्युसिफरेज या एन्झाइममुळे पडतो. त्याचं जनुक त्यांनी फाजमध्ये, म्हणजे जिवाणूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूत, बसवलं. फाज जंतूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि जंतू मुकाट्याने काजव्याचं एन्झाइम तयार करू लागतो. वरून ल्युसिफेरिन, म्हणजे या एन्झाइमला लागणारं द्रव्य, घातलं की उजेड पडतो. तो अगदी मंद असतो, पण यंत्र तो टिपतं.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. या उजेडाला एटीपी लागतं, आणि पेशीचं हे इंधन जिवंत जंतूच बनवत राहतो. आता जंतूंच्या तीन नळ्या घ्या. एकीत आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध घाला, दुसरीत रिफॅम्पिसिन, तिसरीत काहीच नको. तिसरी उजळायलाच हवी. औषधाची नळी मंदावली, तर औषध लागू पडतंय. ती तिसरीइतकीच उजळली, तर जंतू औषधाला दाद देत नाही! जंतू आधी वाढवून घ्यावे लागतातच, पण पुढची औषधाची परीक्षा काही दिवसांत उरकते.

जंतू चमकवायचा आणखी एक मार्ग आहे. जेलीफिशचं हिरवं प्रथिन, जीएफपी, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फींनी ई. कोलायमध्ये चमकवून दाखवलं. त्याला ल्युसिफेरिनही लागत नाही. निळा प्रकाश टाकला की झालं. जंतू कुठे लपलाय हे शोधायला ते फार छान. पण ते प्रथिन चिवट, जंतू मेल्यावरही काही काळ टिकू शकतं. जगला की मेला, हे विचारायचं तर काजवाच बरा.

पुढे जेकब्ज यांच्या गटाने महागड्या यंत्राऐवजी पोलरॉइड फिल्म वापरणारी पेटी बनवली, ‘ब्राँक्स बॉक्स’. जिथे जंतू औषधाला पुरून उरले, तिथे फिल्मवर ठिपका उमटतो. तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.