काचतंतूंची गळकाठी : तिची घडण व तिचा वाक

माशीगळाच्या मासेमारीत खरी फेकली जाते ती दोरी. गळ केवळ तिच्यामागून जातो. पिसे व दोरा यांनी बांधलेल्या कृत्रिम माशीस वजन असे जवळजवळ नसतेच. काठी दोरीच्या भाराने वाकते आणि सरळ होता होता त्या दोरीस वेग देते. पाच क्रमांकाच्या दोरीचे पुढील ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात. एवढ्याशा भाराने काठी किती वाकावी आणि किती वेळात सरळ व्हावी, हाच सारा प्रश्न होय.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी उत्तम काठ्या चीनमधील ग्वांगडुंग प्रांतातील टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने जोडून करीत. युद्धकाळात ही आवक थांबली. अमेरिकेतील प्लास्टिकविषयक संशोधक आर्थर हॉवल्ड यांच्या बांबूच्या काठीचा शेंडा मोडला असता त्यांनी काच व राळ यांचा नवा शेंडा घडविला, अशी हकीकत सांगतात. युद्धानंतर शेक्सपिअर कंपनीने त्यांच्या पद्धतीची काठी बाजारात आणली, आणि १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर काचतंतूस मोकळे रान मिळाले.

बहुतेक पोकळ काठ्यांची घडण पुढीलप्रमाणे होते. राळ मुरविलेल्या काचकापडाचा निमुळता तुकडा निमुळत्या पोलादी गजाभोवती गुंडाळतात, त्यावर सेलोफेनची पट्टी ताणून आवळतात व भट्टीत राळ पक्की करतात. मग गज ओढून काढतात. कापडातील बहुसंख्य तंतू लांबीच्या दिशेने असतात, कारण वाकण्याचा ताण तेच सोसतात. थोडे आडवे तंतू नळी चेपू देत नाहीत. न घासलेल्या नळीवर सेलोफेनच्या बारीक कडा उमटलेल्या दिसतात. तो दोष नव्हे.

कापडाची कड जेथे दुहेरी येते, तेथे नळी सर्व बाजूंनी सारखी वाकत नाही. म्हणून काठी बांधणारा नळीचा शेंडा मेजावर टेकवून मध्यभागी दाबतो. नळी आपोआप वळून एका बाजूवर स्थिरावते. या बाजूचा विचार करून कड्यांची ओळ ठरवावी लागते. कड्या शेंड्याकडे दाट व मुठीकडे विरळ बसवितात. काठी वाकवून पाहिल्यावर दोरीने वाकाचा मागोवा घेतला पाहिजे. दोन कड्यांमध्ये ती तारेसारखी ताणून सरळ दिसली, तर कड्या पुन्हा सरकवाव्यात. मगच दोऱ्याचे वळसे व वार्निश.

१९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बनतंतूंची काठी आणली आणि काचतंतू मागे पडला. कारण उघड आहे. काचतंतूचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल, तर सामान्य कार्बनतंतूचा सुमारे २३०. शिवाय कार्बन हलका. त्यामुळे त्याच आकाराची कार्बनकाठी, दोरीचा भार नसता, सुमारे दुप्पट वेगाने आंदोलित होते. वाऱ्यात किंवा ७० फुटांवर फेकावयाचे असल्यास हा लाभ निर्विवाद आहे. परंतु तेवढ्यावरून काचतंतू सर्वत्र गौण ठरविणे यांत्रिकीच्या दृष्टीने टिकत नाही. अरुंद ओढ्यावर २० फुटांची फेक करताना बाहेर दोरीच थोडी असते; ताठ काठी तेवढ्याने पुरती वाकत नाही, काचेची मात्र वाकते. आणि टोकाशी ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा असताना ट्राउट मासा हिसका देतो, तेव्हा तो हिसका आधी काठीचा वाक पचवितो. धाग्यावर पडतो तो उरलेला.